कळल्यावर आलेला वास

मयेकरबाईंचा विषय निघाला की मला अजून राग येतो. वर्षं लोटली की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

एकाहत्तर-बाहत्तरचं ते साल. नगर जिल्ह्यातलं, संगमनेरपासून एसटीनं तासाभरावरचं गाव. नाव सांगत नाही, कारण त्या वेळची काही माणसं अजून आहेत. गावात नवीन कॉलेज निघालं होतं आणि मी तिथं इतिहास शिकवत होते. माझे यजमान बँकेत. बापूसाहेब म्हणून महसूल खात्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, त्यांच्या नव्या दुमजली घरात वरच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. समोरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या जूनमध्ये मयेकरबाईंनी घेतल्या. मध्ये सामाईक गॅलरी, त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतंय हे मला कळायचं आणि माझ्या घरात काय करपतंय हे त्यांना.

बाई मालवणकडच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आलेल्या. पस्तिशीच्या, लग्न न केलेल्या, ठेंगण्या, सावळ्या. सुती पाचवारी, खांद्यावर पदराला पिन, आणि चाल अशी की मागून कोणीतरी घंटा वाजवतंय. आवाज मोठा. कुजबुजणं त्यांना जमत नसे. स्टाफरूममध्ये त्या एखाद्याबद्दल काही बोलल्या तर ते त्या माणसाला थेट ऐकू जायचं, म्हणजे पुढं कोणी चुगली करायची गरजच उरत नसे.

त्यांची एक सवय सगळ्यांना खटकायची. कुणाच्याही घरी गेल्या की समोर आलेल्या पदार्थाचा त्या आधी वास घ्यायच्या. चोरून नाही, सरळ ताट उचलून. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून त्यांनी नाक पुढं केलं. मला अपमान वाटला. तसं मी बोललेही.

"अपमान कसला?" त्या म्हणाल्या. "देवानं नाक काय चष्मा टेकवायला दिलंय? दूध चांगलं आहे तुमचं. करा चहा."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर विद्यार्थ्यांना मसाला दूध द्यायचं ठरलं होतं. दूध आदल्या संध्याकाळी आटवून पिंपात भरून ठेवलेलं. वर केशर, वेलदोडे, जायफळ, सगळं सढळ हातानं. पाहुणे बसलेले, मुलं रांगेत उभी. बाई पिंपापाशी गेल्या, पळीभर दूध काढून वास घेतला, जिभेच्या टोकाला लावलं, आणि कुणाला काही कळायच्या आत दोन्ही हातांनी पिंप कलंडवलं. दूध मैदानाच्या मातीत गेलं.

प्रिन्सिपॉल धावत आले. "अहो बाई! पाहुण्यांच्या समोर?"

"पाहुण्यांसाठीच ओतलं, सर. नासलंय. वेलदोड्यानं वास झाकला जातो, विष झाकलं जात नाही."

मुलं चिडली. दूध ज्यांनी दिलं होतं ते गृहस्थ तर आठवडाभर कॉलेजकडे फिरकले नाहीत. त्या दिवशी कोणी आजारी पडलं नाही, म्हणून बाई बरोबर होत्या असंही कोणी म्हटलं नाही. त्या मात्र निवांत होत्या. "चांगलं दूध मातीत घालायला मला काय वेड लागलंय?" एवढंच म्हणून त्या वर्गावर गेल्या.

दिवाळीत बाई गावी गेल्या आणि येताना वडिलांना घेऊन आल्या. आई वारल्यावर घरात एकटे पडले होते. त्यांना तात्या म्हणायचे. उभा जन्म मासेमारीच्या लाँचवर काढलेला माणूस, तांडेल म्हणजे लाँचचा प्रमुख म्हणून. उंच, वाकलेले, डोळे कायम बारीक केलेले, लांबचं काही बघत असल्यासारखे. आमच्या गॅलरीतून लांबचं म्हणजे ऊस आणि कारखान्याची चिमणी, एवढंच दिसायचं. ते तेच बघत बसायचे.

तात्यांचं खाणं सुटलं. बाजरीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. पिठलं केलं तर दोन घास घेऊन ताट सरकवायचे. बाई सुकट भाजून देत, सुका बांगडा देत, तेवढ्यापुरता थोडा भात जायचा. महिन्याभरात गळ्याची हाडं वर आली.

"सुमा," एकदा ते गॅलरीत बाईंना म्हणाले, "एकदा माकूल गावली तर बघ गो. ताजी. खडकात रवता ती."

"तात्यानू, माकुलीक धा पाय. तुम्ही सांगतात तो ऑक्टोपस. त्येका आठ."

"पाय मोजून खातंय काय मी?" तात्या म्हणाले. "दोन कमी तर कमी."

बाई हसल्या, पण लगेच तोंड फिरवून आत गेल्या. वडिलांनी आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

आमच्या गावाहून मुंबईला कांद्याचे ट्रक जात आणि रिकामे परत येत. सोपान नावाचा एक ड्रायव्हर होता, त्याची बहीण बाईंच्या वर्गात शिकायची. बाईंचा भाऊ मुंबईला गोदीत होता. त्यानं भाऊच्या धक्क्यावरून माल घ्यायचा, सोपाननं आणायचा, वाटेत संगमनेरला बर्फाच्या कारखान्यातून ताजा बर्फ भरायचा, असं ठरलं. बाईंनी त्यासाठी चहाचं लाकडी खोकं मिळवलं. गावातल्या पत्रेवाल्याकडून त्याच्या आत बसेल असा जस्ताचा डबा करून घेतला आणि डबा नि खोकं यांच्या मधल्या जागेत लाकडाचा भुसा ठासून भरला. तळाला भोक पाडून नळी बसवली, वितळलेलं पाणी बाहेर जायला.

ठरल्या दिवशी सोपान सकाळीच खोकं घेऊन वर आला. चेहरा उतरलेला.

"बाई, ह्ये काय हाय वो? वाटंत दोनदा झाकण उघडून बगितलं. अंगावर काटा आला. लई बेकार दिसतंय."

"दोनदा उघडलंत? कशाला? आत काय नवरी बसलीय तोंड बघायला? झाकण उघडलं की थंडी पळते, सोपानराव. पुढच्या वेळी दोरीनं बांधायला सांगते भावाला."

मला त्यांनी हाक मारली. मी शाकाहारी घरातली, त्यांना ते ठाऊक होतं. तरी बोलावलं. गॅलरीच्या मोरीत, स्वच्छ पाटावर तो पसरलेला होता. करडा, जांभळट, लोळागोळा. बाईंनी त्याचा एक हात उचलून बोटानं दाबला आणि सोडला. मांस लगेच वर आलं.

"बघा, खड्डा राहिला नाही. डोळे बघा, अजून काचेसारखे आहेत. आता वास घ्या."

मी पदराला हात घातला होता. बाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून तो तसाच सोडून वाकले. खारट, थंड, ओल्या पाटीसारखा वास आला. घाण अजिबात नाही. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. तात्या मागं खुर्चीत बसून माझं तोंड बघत होते. त्यांनी मान डोलावली.

मग बाई कामाला लागल्या. डोकं उलटं करून आतली घाण काढली, शाईची पिशवी न फोडता अलगद सोडवली, पोपटासारखी चोच काढून मला दाखवली. थंड पाण्यानं धुतलं, पंच्यानं टिपून कोरडं केलं. अर्धा तेव्हाच शिजत टाकला. अर्धा झाकणाच्या डब्यात घालून तो डबा बर्फात पुरला.

"बर्फात, बर्फाच्या पाण्यात नाही," हात चालू असताना त्या वर्गात बोलावं तसं बोलत होत्या. "पाण्यात भिजत राहिला की बेचव होतो, नासतो. म्हणून ही नळी. याच्या शेजारी दुसरं काही ठेवायचं नाही. दूध नाही, भाजी नाही. शिजलेला आणि कच्चा एका डब्यात नाही. आणि उद्या संपवायचा. परवा विचार करत बसायचं नाही. आंबूस वास आला, हाताला चिकट लागला, की कितीही जीव तुटला तरी पुरून टाकायचा."

त्या दिवशी तात्या जेवले. नारळाचं दाट वाटण, कोकम, आणि इतका मऊ शिजवलेला की दात नसलेल्या माणसालाही चावता यावा. त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. जेवण झाल्यावर गॅलरीत येऊन बसले आणि मालवणीत काहीतरी गुणगुणायला लागले. बाई मोरीत खोकं घासत होत्या. घासता घासता थांबून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी उरलेला संपला. खोकं धुऊन गच्चीवर उन्हात वाळत पडलं. घरात कुणालाही, खालच्या मजल्यावर एकालाही, वास आला नव्हता.

वास आला तो नंतर. सोपाननं स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना गोष्ट सांगितली. मयेकरबाईंनी आठ पायांचा राक्षस मागवला, चोच असलेला, आणि तो घरात जिवंत ठेवलाय, इथपर्यंत ती वाढली. संध्याकाळी बापूसाहेबांच्या कानावर गेली. सकाळी ते नाकाला उपरणं लावून जिना चढून आले.

"बाई, वास येतोय."

"कधीपासून?"

"आज सकाळपासनं. खाली बसवंना."

"खोकं परवाच रिकामं झालं बापूसाहेब. धुऊन वर वाळत घातलंय. जाऊन बघा."

"तरी येतोय. आमच्या घरात माळकरी माणसं हायेत, बाई. हे चालायचं न्हाई."

"माळकरी माणसांचा मला आदर आहे. पण तीन दिवसांपूर्वी आला नाही तो वास आज कसा आला, ते सांगा. तुम्हाला कळल्यावर आला ना? मग तो नाकात नाही, कानात आहे."

आता माझ्या रागाचं कारण सांगते. बापूसाहेबांचा थोरला मुलगा दर शनिवारी हमरस्त्यावरच्या ढाब्यावर कोंबडी खाऊन, वर पान खाऊन घरी यायचा. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, बापूसाहेबांनाही. त्याचा वास त्यांना कधी आला नाही. खोली देताना त्यांनी बाईंना खाण्यापिण्याची कोणतीही अट घातली नव्हती. कॉलेजची माणसं म्हणून दोन्ही बिऱ्हाडं मोठ्या हौसेनं ठेवली होती. पण परगावची एकटी बाई आणि तिचा थकलेला बाप दिसला, की लोकांना आपला धर्म आठवतो.

बाईंनी खोली सोडली नाही आणि बर्फही सोडला नाही. फेब्रुवारीत दुसऱ्यांदा खोकं आलं. नेमक्या त्याच दिवसांत बापूसाहेबांच्या मुलीचा साखरपुडा होता. व्याही म्हणजे आमच्या कॉलेजच्या संस्थेचे सेक्रेटरी. घरात नुसती धांदल. बापूसाहेबांची बायको, माई, भली बाई होती. तिनं आम्हा दोघींनाही आदल्या संध्याकाळी मदतीला बोलावलं.

बापूसाहेबांच्या घरात फ्रीज होता. गावात दोन-तीनच असतील. दिवाणखान्यात ठेवलेला, वर भरतकामाचं कापड. चुलीवरून उतरवलेली बासुंदीची मोठाली पातेली कडकडीत गरम असताना, घट्ट झाकणं लावून, एकावर एक त्यात कोंबली जात होती. दार नीट लागेना म्हणून मुलानं ते गुडघ्यानं दाबलं.

बाईंनी झाकण उचललंच. "माई, असं नका करू. एवढं गरम, एवढं खोल पातेलं आत थंड व्हायला रात्र जाईल. मधली बासुंदी कोमटच राहील, आणि कोमट दूध नासतं. परातीत ओता, वाऱ्यावर निववा, मग लहान भांड्यांतून ठेवा."

बापूसाहेब दारात उभे होते. "बाई, फ्रीज हाय तो. तुमचं खोकं न्हाई. कंपनीचा माल हाय."

"कंपनीचा असला तरी लाइट गेली की तो पण खोकंच."

आणि त्याच संध्याकाळी लाइट गेलीच. त्या काळी जायचीच ती. आली तेव्हा घर झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा उरकला, अकराच्या सुमारास पंगत बसली. बाई कॉलेजात होत्या, त्यांचं प्रॅक्टिकल होतं. मी वाढायला होते. पहिल्या पंगतीला बासुंदी वाढली, वेलदोड्यानं घमघमणारी, ती पुन्हा पुन्हा मागून घेतली लोकांनी. दोन वाजता सेक्रेटरींना पहिली उलटी झाली. मग त्यांच्या बहिणीला, मग मुलीच्या काकांना, मग पोरांना. अंगणात, मोरीत, ओट्यावर, जिथं तिथं माणसं पोट धरून बसलेली.

बापूसाहेब मधोमध उभे होते, तोंड पांढरं पडलेलं. नव्या व्याह्यांसमोर घराची अब्रू गेलेली. त्यांनी एकदा फ्रीजकडे पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. मग त्यांनी नजर वर, जिन्याकडे नेली.

"वरच्या बाईचं पाप हाय हे! त्या राक्षसाचं पाणी टाकीत उतरलं असंल!"

खोक्याचं पाणी नळीनं बादलीत पडायचं आणि बाई ती स्वतः खाली नेऊन गटारात ओतायच्या. टाकी मागच्या बाजूला, दुसऱ्या टोकाला. मी हे ओरडून सांगितलं. मला कोणीतरी म्हणालं, "तुमी बाजूला व्हा, वहिनी." बापूसाहेब, त्यांचा मुलगा आणि दोन पाहुणे धाडधाड जिना चढले. तात्या खाटेवर आडवे होते. त्यांच्यादेखत खोकं उचललं, खाली आणलं आणि रस्त्यावर उपडं केलं. बर्फ, भुसा, डबा. डब्याचं झाकण उडालं आणि आतला ऑक्टोपस धुळीत पडला. बघायला माणसं जमली. पोरं काडीनं डिवचायला लागली.

तेव्हा तात्या जिन्यात दिसले. दिवाळीला चढून गेल्यापासून तो माणूस खाली उतरला नव्हता. भिंतीला धरून एकेक पायरी उतरत आले. गर्दीतून वाट काढत रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि काठी आडवी धरली. कुत्री जवळ येत होती. "हड!" एवढाच शब्द. कुणाशी भांडले नाहीत, कुणाकडे वर पाहिलंही नाही. मी छत्री आणि तांब्याभर पाणी नेऊन दिलं. ऊन कडक होतं. त्यांनी छत्री घेतली आणि ती त्या ऑक्टोपसवर धरली. पाणी घेतलं, तेही त्याच्यावरच हळूहळू ओतलं, धूळ निघावी म्हणून. स्वतः एक घोटही प्यायले नाहीत.

बाई पाच वाजता आल्या. लांबूनच त्यांना गर्दी दिसली असणार, कारण त्या पळत आल्या. वडील उन्हात, छत्री मांसावर. त्या तिथंच गुडघ्यावर बसल्या.

"सुमा," तात्या म्हणाले, "मी कुत्र्यांक शिवूक देवक नाय. धुवन घे. चलात."

बाईंनी बोटानं दाबलं. मग वाकून वास घेतला. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते, पण आवाज तोच, स्टाफरूममधला.

"नाय चलाचा, तात्यानू."

"थोडो वास इलो तरी काय जाता? मी खाल्लंय असलो. लाँचीर."

"मी देवची नाय."

तात्यांनी काठी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. कुणी घेऊन गेलेलं परत मिळवलं आणि आपल्याच लेकीनं ते हातातून काढून घेतलं, असा. बाईंनी घराच्या मागं खड्डा खणला, स्वतः. त्यात तो पुरला, वर दगड ठेवला, हात धुतले, आणि मग बापूसाहेबांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टर आले होते. गावातलेच, जुने. बाईंनी फ्रीजमधलं उरलेलं पातेलं मागवलं. माईनं ते मुकाट्यानं आणून ठेवलं. डॉक्टरांनी वास घेतला आणि पातेलं लांब सरकवलं.

"बोला ना डॉक्टर," बाई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांना आमच्या जिन्यापाशी घेऊन गेले, म्हणून मला ऐकू आलं. "बासुंदीच आहे, बाई. शंका नाही. पण हे मी चारचौघांत सांगणार नाही. मला याच गावात दवाखाना चालवायचाय."

"आणि मला याच गावात बापाला जगवायचंय," बाई म्हणाल्या. "त्याचं काय?"

डॉक्टरांनी बॅग उचलली.

सगळे आजारी दोन दिवसांत बरे झाले. सेक्रेटरीही बरे झाले आणि त्यांनी कॉलेजात चौकशी लावली. आता आरोप आणखी वेगळा होता: बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेतले प्राणी घरी नेऊन खातात. प्रिन्सिपॉलांच्या खोलीत आम्हा काही जणांना साक्षीदार म्हणून बसवलं होतं. शिपायानं प्रयोगशाळेतून बरणी आणून टेबलावर ठेवली. कॉलेजचा एकमेव ऑक्टोपस तिच्यात होता, पिवळ्या पाण्यात, जागच्या जागी.

बाईंनी बरणी सेक्रेटरींच्या पुढ्यात सरकवली. "हा फॉर्मालिनमध्ये आहे. हा मी खाल्ला असता तर चौकशी करायला तुम्हाला मी सापडले नसते. झाकण उघडू? नाक आहे ना तुम्हाला?"

"बाई, भाषा सांभाळा," प्रिन्सिपॉल म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. भित्रे होते. "वाद नको. झाल्या प्रकाराबद्दल तुम्ही माफी मागा. दोन ओळी लिहून द्या, मी मिटवतो."

"कशाची माफी, सर? बासुंदी मी आटवली नाही, मी कोंबली नाही, मी वाढली नाही. करू नका म्हणून सांगितलं, ती माझी चूक? मी मासे खाते. माझा बाप मासे खातो. माझा आजा मासे मारायचा. त्याची माफी हवीय तुम्हाला. तसं स्पष्ट म्हणा, म्हणजे मुलांनाही कळू दे आपण इथं काय शिकवतो."

मी तिथं डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, पाण्याची नळी कुठं जाते तेही सांगितलं. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही इतिहासाच्या ना?" तेवढंच.

बाईंनी माफी लिहिली नाही. वर्ष संपल्यावर त्यांची नेमणूक पुढं चालू झाली नाही. कारण काही दिलं नाही, द्यावं लागतही नव्हतं तेव्हा. त्यांच्या जागी जो आला तो ऑक्टोपस फळ्यावर काढून दाखवायचा. पाय सहा काढायचा की आठ, देव जाणे. बापूसाहेबांच्या मुलीचं लग्न मात्र थाटात झालं. त्या लग्नातल्या जेवणाचं गावानं अजून कौतुक करावं आणि बाईंचं नाव निघालं की नाक मुरडावं, याला काय म्हणायचं ते मला पन्नास वर्षांत सुचलेलं नाही.

पुढं बाईंना कोकणातच एका कॉलेजात कायमची नोकरी मिळाली आणि तात्या तिथं आणखी काही वर्षं, खाऊनपिऊन, समुद्र बघत जगले, असं मला बाईंच्या भावाकडून कळलं. ते कळलं तेव्हा मी माझ्या यजमानांना गूळ-खोबरं दिलं. कशाबद्दल ते विचारल्यावर सांगितलंही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाई गाव सोडून निघाल्या. सामान थोडंच. सोपान ट्रक घेऊन आला होता. खोली ताब्यात घ्यायला बापूसाहेब स्वतः वर आले, मुलाला घेऊन. बाईंनी फरशी पुसून काढली होती, मोरी चुन्यानं घासली होती. बापूसाहेब कोपऱ्याकोपऱ्यात फिरले. मोरीत वाकले, फडताळं उघडून पाहिली. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या, घाई न करता.

"येतोय," शेवटी बापूसाहेब म्हणाले. "वास येतोय अजून."

"येतोय ना?" बाई म्हणाल्या. "असू द्या. तो आता तुमचा."

माईनं खालच्या दारातून तात्यांना नमस्कार केला, नवऱ्याचं लक्ष नाही असं पाहून. तात्यांना दोघांनी उचलून केबिनमध्ये बसवलं, बाई त्यांच्या बाजूला खिडकीशी बसल्या. मला वाटलं, निघताना काहीतरी बोलतील. पण ट्रक सुरू झाला तेव्हा त्यांचं सोपानशी काहीतरी बिनसलेलं होतं. ट्रकच्या घरघरीत शब्द कळत नव्हते. सोपान मान हलवत होता, तात्या दोघांच्या मध्ये डोळे मिटून बसले होते, आणि बाईंचा सावळा, आखूड हात खिडकीबाहेर येऊन जोरजोरात हवेत काहीतरी पटवून देत होता. मी हात वर केला. त्यांनी पाहिला नाही. जकातनाक्याशी ट्रक वळेपर्यंत तो हात तसाच चालू होता.